दाखला हातात देणे हा उपाय नव्हे

(पुंडलिकनगर येथे भरलेल्या पालक मेळाव्यात संस्थेतील एका शिक्षकाने, बी. ए., बी. एड., केलेल्या भाषणाचा मजकूर)



 दरवर्षी या मेळाव्यात आपण निकालाची टक्केवारी, शिष्यवृत्त्या, नव्या वर्गखोल्या यांविषयी बोलतो. ते आवश्यकच आहे. यंदा मात्र चिटणीस साहेबांनी मला असा विषय दिला आहे, की जो घराघरांत दबक्या आवाजात बोलला जातो आणि सभेत कोणी उच्चारीत नाही. विषय आहे नशेचा आणि मनाच्या आरोग्याचा, आणि त्याबाबत आपल्या शाळेचे धोरण काय असावे याचा. मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. वर्गात उभा राहून मुलांचे चेहरे रोज पाहणारा एक शिक्षक आहे, आणि त्या नात्यानेच चार गोष्टी आपल्यापुढे ठेवणार आहे.

प्रथम परिस्थिती पाहू. नशा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दारूचा गुत्ता येतो. आपल्या शहरातील पोरांची नशा आता गुत्त्यात बसत नाही. ती खिशात मावते. 'बटन' हा शब्द इथल्या बहुतेक विद्यार्थ्यांनी ऐकलेला आहे, पालकांपैकी फार थोड्यांनी. नायट्राझेपामसारख्या झोपेच्या गोळ्यांना पोरे बटन म्हणतात. मालेगावात अल्प्राझोलामच्या गोळीला 'कुत्ता गोळी' असे नाव पडले आहे. ही मुळात औषधे आहेत. झोप न येणाऱ्या, अतिशय घाबरणाऱ्या रुग्णाला डॉक्टर ती ठरावीक दिवसांसाठी देतात. याखेरीज खोकल्याचे कोडीनयुक्त औषध आहे, गांजा आहे, आणि लहान मुलांच्या बाबतीत पंक्चरचे सोल्युशन आणि व्हाइटनर आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने आपल्या शहरात आणि पैठणच्या औद्योगिक वसाहतीत छापे घालून कोकेन, मेफेड्रोन आणि केटामाइन यांचा अडीचशे कोटी रुपयांहून अधिक किमतीचा साठा पकडला. ही बातमी दिल्ली-मुंबईची नव्हती, आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावरची होती.

देशाचे चित्रही पाहावे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून एक मोठी पाहणी करवून घेतली, तिचा अहवाल 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. 10 ते 75 या वयोगटातील 14.6 टक्के लोक मद्य घेतात असे त्यात आढळले. परंतु शिक्षकाने आणि पालकाने लक्षात ठेवावा असा आकडा निराळाच आहे. हुंगण्याच्या पदार्थांचे सेवन प्रौढांमध्ये 0.58 टक्के, तर 10 ते 17 वयाच्या मुलांमध्ये 1.7 टक्के आढळले. म्हणजे या एका नशेत मुले मोठ्यांच्या पुढे आहेत. कारण उघड आहे. ती स्वस्त आहे आणि दप्तरातून नेता येते.

आता मुलगा तिकडे वळतो का, हा प्रश्न. "संगत वाईट" एवढे म्हणून आपण मोकळे होतो. संगत हे एक कारण आहे, परंतु एकमेव नव्हे. दहावीत दोन विषय राहिलेला मुलगा, रात्री झोप न येणारा मुलगा, बाप कामासाठी परगावी आणि घरी रोजचे भांडण अशा घरातला मुलगा, वर्गात सतत हिणवला जाणारा मुलगा, यांना कोणीतरी सांगतो, "एक घे, डोके शांत होईल." आणि पहिल्या दिवशी डोके खरोखरच शांत होते. धोका तिथेच आहे. पुढे तेवढ्याच शांततेसाठी एकाच्या दोन आणि दोनच्या चार गोळ्या लागतात. शरीराला सवय होते, अभ्यास सुटतो, स्मरणशक्ती मंदावते, राग अनावर होतो, आणि पैशासाठी घरातल्या वस्तू जाऊ लागतात. अशी गोळी दारूबरोबर घेतली तर श्वासच मंदावून जीव जाऊ शकतो. तेव्हा नशा आणि मनाचे दुखणे ही दोन निरनिराळी दुकाने नाहीत. पुष्कळ वेळा आधी मनाचे दुखणे असते आणि नशा हा त्यावर मुलाने स्वतःच शोधलेला चुकीचा इलाज असतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत 10.6 टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले आणि निरनिराळ्या आजारांत 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. पाय मोडला तर आपण त्याच दिवशी दवाखाना गाठतो. मन मोडले तर वर्षे काढतो.

ही वर्षे का जातात? लपविल्यामुळे. माझ्या वर्गातील एका मुलाची आई तीन आठवड्यांनंतर शाळेत आली आणि रजेच्या अर्जावर टायफॉईड लिहा म्हणाली. मी काही विचारण्याआधीच तिने हात जोडले, "सर, किसीको बोलो नको, बहन की शादी है." त्या माउलीचा मला राग आला नाही. तिच्यापुढे दोन संकटे होती, एक मुलाच्या जिवाचे आणि दुसरे मोहल्ल्याच्या जिभेचे, आणि तिला दुसरे मोठे वाटत होते. हे तिचे एकटीचे नव्हे. आपल्या समाजात नशा हराम आहे हे पाळण्यातले मूलही जाणते. या शिकवणुकीने असंख्य घरे वाचविली आहेत, हे मी अभिमानाने सांगतो. परंतु तिची एक उलटी बाजूही आपण पाहिली पाहिजे. जी गोष्ट आपल्यात होतच नाही असे आपण मानतो, ती झाली की सांगायला जागाच उरत नाही. मुलगा बापापासून लपवतो, आई मोहल्ल्यापासून, आणि मोहल्ला स्वतःपासून.

काही पोरे असाही युक्तिवाद करतात, की दारूला मनाई आहे, गोळी तर औषध आहे. हा युक्तिवाद टिकणारा नाही. बुद्धीवर पडदा टाकणारी प्रत्येक वस्तू त्या मनाईत येते हे आपल्या उलेमांनी पूर्वापार सांगितले आहे. मात्र त्याचबरोबर पालकांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कुराणातील नशाबंदी एका दिवसात आलेली नाही. आधी तोट्याची जाणीव दिली, मग नशेत नमाजजवळ जाऊ नका असे सांगितले आणि शेवटी संपूर्ण मनाई केली. माणसाची सवय टप्प्याटप्प्याने सुटते याचे भान त्यात आहे. आजाराला इलाज शोधावा ही शिकवणूकही आपलीच आहे. मग पापाची चर्चा करताना इलाजाचा रस्ता बंद का करावा?

इथे एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. मुलगा गोळ्या घेतो हे कळल्यावर काही घरांत त्याला खोलीत कोंडून ठेवतात. ज्याने महिनोन्महिने या गोळ्या घेतल्या आहेत, त्याच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते, तो भ्रमिष्टासारखा वागू शकतो, प्रसंगी जीवही जाऊ शकतो. भरपूर दारू पिणाऱ्याचेही तसेच आहे. गोळ्यांचे प्रमाण डॉक्टरच्या देखरेखीखालीच हळूहळू उतरवावे लागते. म्हणून कोंडू नका, मारू नका, साखळी लावू नका. आपल्या घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथे न्या. केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती मदतकेंद्राचा 14446 हा क्रमांक आहे. मनाच्या कोणत्याही त्रासासाठी टेलिमानसचा 14416 हा क्रमांक 2022 पासून सुरू आहे. दोन्हींना पैसे पडत नाहीत. हे दोन आकडे आज घरी जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावेत.

व्यसन सुटते का, अशी शंका पुष्कळांना असते. आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण देतो. 1980 नंतरच्या काळात मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगरने, ज्याला गर्द म्हणत, तरुण पोरे झपाट्याने संपू लागली. पत्रकार डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिले. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी आर्थिक आधार दिला आणि 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. तिथली पद्धत पाहण्यासारखी आहे. दाखल झालेल्या माणसाला ते गुन्हेगार समजत नाहीत. ठरावीक दिवस उपचार, त्यात गटात बसून बोलणे, व्यायाम, काम, आणि घरी गेल्यावरही पाठपुरावा. पूर्वी स्वतः व्यसनात असलेले आणि त्यातून बाहेर आलेले लोक तिथे कार्यकर्ते म्हणून काम करतात. बायकांनाही एकत्र बसवून धीर देतात, कारण घरातील एक माणूस आजारी पडला की सारे घर आजारी पडते. डॉ. अनिताबाई 1997 मध्ये गेल्या, डॉ. अवचट 2022 मध्ये गेले, परंतु केंद्र चालू आहे. सर्वच जण पहिल्या खेपेला बरे होत नाहीत, काही पुन्हा घसरतात आणि पुन्हा उभे राहतात. मधुमेहासारखा हा दीर्घकाळ सांभाळण्याचा आजार आहे. पण माणसे बरी होतात, नोकऱ्या करतात, संसार करतात, ही गोष्ट आता वादाची राहिलेली नाही.

आता कायदा. पुष्कळ पालक दवाखान्यात जात नाहीत, कारण त्यांना पोलिसांचे भय वाटते. तर ऐका. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात विकणाऱ्याला कडक शिक्षा आहे. व्यापारी प्रमाणात माल सापडला तर 10 ते 20 वर्षे सक्तमजुरी. सेवन हाही गुन्हा आहे. परंतु त्याच कायद्याचे 64-अ हे कलम असे आहे, की व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचाराला गेला आणि त्याने उपचार पूर्ण केले, तर सेवनासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. कायद्याने स्वतःच हे दार ठेवले आहे, आपण त्यातून जात नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थांचा आजारात समावेश केला आहे, आणि जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षा न करता त्याची काळजी घ्यावी असे सांगितले आहे. लहान मुलाला नशेचा पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला 2015 च्या बाल न्याय कायद्याने सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. 2003 च्या तंबाखू कायद्याने शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास बंदी आहे. 100 यार्ड म्हणजे तीनशे फूट. आपल्या फाटकापासून तीनशे फुटांत किती टपऱ्या आहेत, हे आपण कधी फीत घेऊन मोजले आहे काय?

एवढे सांगून मी मुख्य मुद्द्याकडे येतो. शाळेत एखाद्या मुलाच्या दप्तरात गोळ्या सापडल्या, तर काय करावे? आजवरची सर्वसाधारण रीत अशी, की वडिलांना बोलवायचे, चार माणसांत सुनवायचे आणि दाखला हातात द्यायचा. सगळीकडे असेच चालते. या रीतीमागील भीती मला समजते. पालक म्हणतात, "एक आंबा सडला की पेटी सडते, आमच्या मुलांचे काय?" हा प्रश्न रास्त आहे. पण शाळेतून नाव काढलेला मुलगा पुंडलिकनगर सोडून जात नाही. सकाळी तो बाकावर बसत होता, आता तो चौकातल्या टपरीवर बसतो. तुमचा मुलगा शाळा सुटल्यावर त्याच चौकातून घरी येतो. फरक एवढाच पडतो, की पूर्वी त्या मुलावर सहा तास शिक्षकांची नजर होती, आता ज्याच्याजवळ गोळी आहे त्याची आहे. आणि ज्याला पैसे हवेत पण काम नाही, त्याला विकायला लावणे किती सोपे आहे! म्हणजे आपण सेवन करणारा एक मुलगा शाळेबाहेर काढतो आणि विकणारा एक तयार करून देतो. शिवाय बाकीची मुले पाहतात, की बोलले की दाखला मिळतो. मग ज्यांना मदत मागायची आहे तीही गप्प बसतात.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थांना तो कायदा लागू होणार नाही असा निर्णय दिला. हा निर्णय आपल्या स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी आहे. त्या स्वातंत्र्याचा उपयोग आपल्याच मुलांना रस्त्यावर आणण्यासाठी होऊ नये. जे इतरांना कायद्याने करावे लागते, ते आपण आपल्या मर्जीने करावे, यात आपली शोभा आहे.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे माझ्या काही नम्र सूचना आहेत. येत्या वर्षाच्या आत त्यांचा लेखी नियम व्हावा, अशी विनंती आहे.

पहिली सूचना, सेवन करणारा आणि विकणारा यांत फरक करावा. सेवन करणाऱ्या विद्यार्थ्याला दाखला देऊ नये. मुख्याध्यापक आणि एक ठरलेला शिक्षक, अशा दोघांनीच पालकांना शांतपणे भेटावे, मुलाला घाटीत नेण्यास मदत करावी, आणि त्याचे नाव कोणत्याही सूचनाफलकावर वा सभेत येऊ नये. बाहेरून येऊन विकणारा आढळला तर मात्र दयामाया न दाखवता पोलिसांत कळवावे. विद्यार्थीच विकताना सापडला, तर त्याला कोणी लावले हे आधी शोधावे, कारण मुलांच्या हातून नशा विकविणारा मोठा माणूस हाच कायद्याने मुख्य गुन्हेगार आहे.

दुसरी सूचना, उपचारासाठी गेलेल्या मुलाची हजेरी आणि परीक्षा यांची सोय आजारी मुलाप्रमाणेच करावी, आणि तो परत आल्यावर त्याला पहिल्याच बाकावर जागा द्यावी.

तिसरी सूचना, शाळेच्या आवारात शिक्षक, शिपाई, पदाधिकारी, कोणीही तंबाखू खाऊ नये. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी आपल्या जिन्याच्या कोपऱ्यातील लाल डाग काही विद्यार्थ्यांनीच टाकलेले नाहीत.

चौथी सूचना, औषधविक्रेत्यांची एक बैठक संस्थेने बोलवावी. चिठ्ठीशिवाय या गोळ्या विकता येत नाहीत आणि विक्रीची वेगळी नोंदवही ठेवावी लागते, असा नियम आहे. आपल्या ओळखीचे दुकानदार आहेत, त्यांची मुलेही शाळांत शिकतात. त्यांना आपण भावासारखे समजावू शकतो.

पाचवी सूचना, शाळेचे मैदान आणि वाचनालय रात्री नऊपर्यंत उघडे ठेवावे. याबाबत दूरच्या एका देशाचे उदाहरण देतो. आइसलँडमध्ये 1998 साली 15-16 वर्षांची 42 टक्के मुले मागील महिन्यात दारूच्या नशेत राहिल्याचे सांगत. तिथल्या लोकांनी केवळ भाषणे दिली नाहीत. मुलांसाठी खेळ, संगीत आणि छंदवर्ग उभे केले, त्यांना पैशाचे साहाय्य दिले, रात्री मुलांनी बाहेर फिरण्यावर वेळेचे बंधन घातले, आणि पालकांनी आपसांत करार केले. 2016 पर्यंत ते प्रमाण 5 टक्क्यांवर आले. तो देश श्रीमंत आहे, आपण नाही. पण मैदानावर दोन दिवे लावणे आणि दोन शिक्षकांनी पाळीपाळीने थांबणे एवढे आपल्याला जमेल. पहिली पाळी माझी धरावी.

पालकांनो, घरी काय पाहावे तेही थोडक्यात सांगतो. झोपेच्या वेळा एकाएकी बदलणे, दुपारी सुस्ती आणि बोलताना जीभ जड होणे, जुने मित्र सुटून नवे निनावी मित्र येणे, घरातून पैसे वा वस्तू नाहीशा होणे, कपड्यांना सोल्युशनचा वास, गोळ्यांची रिकामी पाकिटे. यांपैकी एक दिसले म्हणून लगेच आरोप करू नका. अभ्यासाचा ताणही तसाच दिसतो. दिवसातून पंधरा मिनिटे, हातातला मोबाईल बाजूला ठेवून, मुलाजवळ बसा आणि अभ्यासाखेरीज काही विचारा. कबूल केले तर मारणार नाही, हा शब्द आधी द्या आणि दिलात तर पाळा. आपल्या मुलींनाही विसरू नका. त्यांचे दुखणे अधिक खोल लपलेले असते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या दोस्ताने गोळी घेतली आणि तुम्ही ते लपविले, तर ती दोस्ती नव्हे. ज्या शिक्षकावर विश्वास आहे त्याला सांगा. चुगली आणि मदत यांतील फरक तुम्हाला कळतो. आणि कोणी मित्र गोळी घेऊन हाक देऊनही जागा होत नसेल, तर मार बसेल म्हणून पळून जाऊ नका. 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा आणि येईपर्यंत त्याला कुशीवर वळवून ठेवा.

संस्था काढताना वडीलधाऱ्यांनी घरोघर फिरून मुले शाळेत आणली, असे आपण नेहमी अभिमानाने सांगतो. त्या वेळी अडचण गरिबीची होती. आज घराच्या आत बसलेले एक दुखणे आहे. त्यासाठी पुन्हा घरोघर जावे लागणार आहे, या वेळी जरा हळू आवाजात आणि दार लावून बोलावे लागेल एवढेच. कार्यकारी मंडळाने माझ्या सूचनांचा विचार करावा, त्यांत उणीव असेल ती दुरुस्त करावी, पण निर्णय मात्र लेखी घ्यावा, ही नम्र विनंती.